साडूभाऊंनी घर दुरुस्तीला काढले

भाड्याच्या घरात राहून गृहरचनेवर अधिकारवाणीने बोलणारी माणसे मस्कतमध्ये पुष्कळ भेटतात. पण भिंतीत आयुष्यभर एकही खिळा न ठोकता या शास्त्रात माझ्या थोरल्या साडूंनी जे नैपुण्य मिळवले आहे, त्याला तोड नाही, असे मी नम्रपणे का होईना, पण ठामपणे म्हणू शकतो. अल घुब्रा भागातल्या ज्या फ्लॅटमध्ये त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षे काढली, त्याच्या मालकाची पहिल्या दिवसापासून एकच अट होती: भिंतीला भोक पाडायचे नाही. साडूभाऊंनी ती अट एखाद्या व्रतासारखी पाळली. त्यांचे कॅलेंडर फ्रिजच्या दारावर चुंबकांच्या आधाराने राहते, आरसा कपाटावर उभा असतो आणि गणपतीची तसबीर त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, गणिताच्या पुस्तकांना टेकून बसलेली असते. मध्यंतरी त्यांनी भिंतीला चिकटणारे हूक आणून पाहिले. पण ते दर उन्हाळ्यात एकेक करून राजीनामा देत. स्वतःच्या भिंतींवर हात चालवता येत नसल्यामुळे असेल, त्यांची सारी प्रतिभा दुसऱ्यांच्या घरांकडे वळली.

कोणाकडेही गेले तरी साडूभाऊ लगेच बसत नाहीत. आधी उंबरठ्यात उभे राहून डोळे बारीक करतात, मग भिंतीच्या कडेने एक फेरी मारतात, वाटेत एखादी फरशी बोटाच्या पेराने वाजवून "पोकळ आहे" एवढेच म्हणतात, आणि यजमानांचा चेहरा उतरल्यावर अत्यंत प्रेमाने त्यांची प्रकृती विचारतात. शर्टाच्या खिशात इतरांकडे पेन असते, तशी त्यांच्याकडे मोजपट्टी असते. स्वयंपाकघरात शिरून "वहिनी, कोपर जरा वाकवा" असे ते इतक्या शास्त्रीय स्वरात म्हणतात, की समोरची गृहिणी खरोखरच कोपर वाकवून उभी राहते आणि आपला ओटा दोन बोटे उंच असल्याचे दुःख त्या दिवसापासून वागवू लागते. पुण्याहून नव्यानेच आलेल्या एका जोडप्याकडे ते सगळ्या खुर्च्यांवर आळीपाळीने बसले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीबद्दल म्हणाले, "इथे बसलेला माणूस उठेपर्यंत या घरात कोणालाही बाथरूमला जाता येणार नाही." पुढच्या भेटीत ती खुर्ची दिसली नाही. मी चौकशी केली नाही. भिडस्त माणसाला काही प्रश्न घशातच ठेवावे लागतात.

याच सवयीपायी एकदा त्यांनी आपल्या कंपनीच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, घरी ईदच्या भेटीत मजलिसमधल्या, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या, गादीची उंची वितीने मोजली. बरोबर आलेल्या सहकाऱ्यांच्या हातातले खजूर जागच्या जागी थांबले. अर्बाबने मात्र कॉफीचा पेला पुढे केला आणि अरबीत मित्राला घालतात तशी साद घालून आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हटले, "सदीक, मेरे घर का माप एकच है. मजलिस में बैठा आदमी को किचन का आवाज नहीं आना." साडूभाऊंनी हे मत फार मनावर घेतले. घरी येऊन त्यांनी ताईंना स्वयंपाकघरातून हाक मारायला सांगितली आणि स्वतः दिवाणखान्यात कान देऊन बसले. ताई म्हणाल्या, "एरवी ऐकू येत नाही. आज बरं आलं." ताई म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. त्या इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवतात आणि शनिवारी सकाळी इमारतीतल्या मुलांना घरीच मराठी शिकवतात. ती मुले आपसात इंग्रजीत भांडतात आणि ताई दिसल्या की अडखळत मराठीत समेट करतात.

साडूभाऊंच्या या व्यासंगाचा उपयोग काय, असे कुतूहल मला फार दिवस होते. उत्तर मिळाले ते त्यांची निवृत्ती जवळ आल्यावर. रत्नागिरीबाहेर, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांनी ऐन उमेदीत एक बैठे घर बांधले होते. इतकी वर्षे त्यात भाडेकरू राहिले आणि साडूभाऊ दर सुट्टीत एकदा बाहेरून त्याकडे पाहून येत. आता नोकरीचा करार संपत होता, व्हिसाही संपणार होता, आणि ते घर दुरुस्त करून तिथे कायमचे राहायला जायचे त्यांनी ठरवले. अडचण एवढीच होती, की हे ताईंनी ठरवले नव्हते. त्या साडूभाऊंपेक्षा वयाने बऱ्याच लहान, शाळा त्यांना आणखी काही वर्षे ठेवायला तयार, व्हिसा त्यांचा स्वतःचा. इथे त्या स्वतः गाडी चालवून हमरियाच्या दुकानांपर्यंत जातात. तिकडे गेल्यावर आपण कोणाची तरी सून म्हणून मागच्या सीटवर बसणार, हे त्यांना दिसत होते. "तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी शाळेचं बघते. आणि तिथे मी मराठी शिकवू कोणाला? तिथे सगळ्यांनाच येतं."

साडूभाऊंनी यावर वाद घातला नाही, विनवणीही केली नाही. त्यांनी डिझायनर नेमायचे ठरवले. घर नीट झाले तर बायको येईल, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती चुकली तर त्या नीट झालेल्या घरात एकट्याने राहायची पाळी त्यांच्यावर येणार होती.

डिझायनरची निवड व्हिडिओ कॉलवर झाली आणि साक्षीदार म्हणून मला माझ्या घरून, अल मवालेहहून, बोलावण्यात आले. पहिल्या उमेदवाराने पांढऱ्या शुभ्र सोफ्याची चित्रे दाखवली. साडूभाऊंनी विचारले, "यावर हळदीचं दूध सांडलं तर?" त्याने कापड विशेष असल्याचे सांगितले. "दूधही विशेष असतं," असे म्हणून साडूभाऊंनी कॉल संपवला. दुसऱ्याने "तुमची जीवनशैली सांगा" म्हटले, तेव्हा यांनी सकाळी उठल्यापासून सांगायला सुरुवात केली. आंघोळीपर्यंत पोचायच्या आत त्याचे नेटवर्क गेले, ते पुन्हा आले नाही. तिसरी रत्नागिरीचीच एक तरुण मुलगी होती. तिला यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतःच्या घरी चप्पल कुठे काढता?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "दारातच, काका. आई रोज ओरडते त्यावरून." साडूभाऊ माझ्याकडे वळले. "खरं बोलते. ठरलं."

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडू लागला. नुसत्या नकाशावर साडूभाऊंचा विश्वास नव्हता. रत्नागिरीच्या घरातली एकेक खोली त्यांनी खऱ्या मापाने घुब्राच्या दिवाणखान्यात चिकटपट्टीने आखली. पट्टीला भिंत मानायचे आणि पट्टी सोडली असेल तिथूनच ये-जा करायची, असा नियम होता. मी तो पाळत असे. ताई चहाचा ट्रे घेऊन सरळ यायच्या.

"अगं, ती भिंत आहे."

"मग दार ठेवायचं होतं मला. घ्या, भिंतीतून आलेला चहा."

एवढे बोलून त्या परत भिंतीतूनच आत जात. नकाशाकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिले नाही. त्यांचे ते न पाहणे साडूभाऊ बरोबर टिपत आणि पुढच्या शुक्रवारी आणखी काटेकोर होत. ओट्याची उंची घुब्राच्या ओट्याइतकी, मसाल्यांचा कप्पा घुब्रासारखाच डाव्या हाताला, शेगडीच्या वरचा दिवा तसाच, एवढेच काय, स्वयंपाकघराची खिडकीही तशीच आणि तिकडेच. घुब्रातली ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. मवालेहच्या भाजीबाजारात वांगी निवडताना मी धीर करून त्यांना याचे कारण विचारले. ते हातातले वांगे फिरवत राहिले. "तिला तिथे काही परकं वाटता कामा नये," ते म्हणाले. "डोळे मिटून चहा करता आला पाहिजे तिला. घर बदललं हे कळूच द्यायचं नाही." मग ते वांगे त्यांनी परत ठेवले आणि अगदी तसेच दुसरे उचलले.

नकाशा पुरा झाला त्या शुक्रवारी आम्ही दोघे टेबलाशी बसलो होतो आणि ताई माझ्या पत्नीबरोबर आत लसूण सोलत होत्या. पडद्यावर ते घर चारही बाजूंनी फिरत होते, देखणे आणि सपाट. कॉलवरची ती डिझायनर मुलगी काहीतरी बोलायचे टाळते आहे असे मला वाटत होते. अखेर तिने विचारले, "काका, खिडक्यांवरचे छज्जे तुम्ही काढायला सांगितलेत. नक्की काढायचे?"

"नक्की. धूळ बसते त्यावर. इथे कुठेच नाहीत."

"आणि मागची पडवी तोडून तिथे कोठीची खोली."

"बरोबर. इथे तशीच आहे."

ती घुटमळली. "नाही, म्हणजे... काका, पाऊस?"

साडूभाऊंनी चष्मा काढला. हळदीच्या दुधाचा, गृहिणीच्या कोपराचा, कोपऱ्यातल्या खुर्चीचा विचार करणाऱ्या या माणसाने कोकणातल्या घराचा नकाशा करताना पाऊसच धरला नव्हता. त्यांना दोष तरी कसा द्यावा? मस्कतला चार सरी आल्या की शाळांना सुट्टी मिळते आणि माणसे गाड्या काढून डोंगरातले पाणी पाहायला जातात. शिवाय मीही इतके शुक्रवार त्याच टेबलाशी बसलो होतो आणि माझ्याही ते ध्यानात आले नव्हते. कोकणातली दोन माणसे एकमेकांकडे पाहत राहिली, तोच आतून आवाज आला.

"आणि चार महिने कपडे कुठे वाळत घालायचे म्हणे?"

ताई सोललेल्या लसणीचे ताट हातात तसेच घेऊन बाहेर आल्या. हसू आवरत नव्हते त्यांना. त्यांनी खुर्ची ओढली, पहिल्यांदाच, आणि पडद्याकडे वाकून पाहिले. "बाळ, ते परत फिरव जरा. हां. ही खिडकी मागच्या भिंतीकडे कोणी काढली?"

"काकांनी, काकू."

"आणि समुद्र कोणासाठी ठेवलाय? शेजाऱ्यांसाठी?"

"तुला सवय आहे ना त्या बाजूची," साडूभाऊ हळूच म्हणाले.

"सवय आहे," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आवडते असं कोण म्हणालं?"

मग ताई बोलू लागल्या. पडवी तोडायची नाही, उलट लांबवायची. तिथे दोऱ्या, आणि दोऱ्यांखाली मुलांना मांडी घालून बसता येईल एवढी जागा, कारण तिथल्या मुलांचे मराठी चांगले असले तरी गणित चांगले असेलच असे नाही. कुंपणाच्या आत गाडी उभी करायला जागा. "कोणाच्या गाडीला?" असे साडूभाऊंनी विचारताच "माझ्या" असे उत्तर आले. त्यांनी मोजपट्टी टेबलावर ताईंच्या बाजूला सरकवली आणि बाकीचा वेळ ते लसूण सोलत बसले. त्या दिवशी त्यांनी सोललेल्या लसणीइतकी बेढब लसूण मी पाहिलेली नाही.

आता शुक्रवारी लॅपटॉपसमोर ताई असतात आणि साडूभाऊ मागे उभे राहतात. शाळेला ताईंनी काय कळवायचे ते अजून कळवलेले नाही. परवा मला लिफ्टपर्यंत सोडायला आले असता साडूभाऊ म्हणाले, "येते असं ती अजून म्हणालेली नाही. पण फरशीचे सगळे नमुने तिने नापसंत केलेत." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी अभिनंदन केले आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर आपण कशाचे अभिनंदन केले याचा विचार करू लागलो. या देशात रक्ताच्या नात्याचे म्हणून माझ्या पत्नीला ताईंखेरीज कोणी नाही. त्या नकाशात जसजशी एकेक खिडकी जागेवर बसत होती, तसतसा आमचा शुक्रवार रिकामा होत चालला होता, आणि साडूभाऊंचे घर चांगले व्हावे असे मनापासून वाटत असताना ते थोडे सावकाश व्हावे असेही वाटत होते.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. मवालेहच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "ताईला आज एक फरशी आवडली. भावोजींना अजून सांगितलं नाहीये तिने. समुद्राच्या वाळूसारख्या रंगाची."

"चांगली आहे का?"

"छान आहे," ती म्हणाली. "तिला शोभेल."

घराचे वळण अजून बरेच लांब होते, तरी मी गाडीचा वेग कमी केला.