वरणाचं पाणी

रमा वानखेडे घरात आली की आधी रोग्याकडे बघायची नाही. चपला काढायची, हात धुवायची आणि सरळ ओट्याशी जायची. एकेका डब्याचं झाकण उघडायची, पातेल्यात डोकावायची, वास घ्यायची. धायरीच्या माझ्या घरात त्या डब्यांना माझ्या बायकोशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, पेशंट आत हाय."

ती न वळता म्हणाली, "माहीत आहे काका. त्यांच्या पोटात जाते ते इथं आहे."

ती आहारतज्ज्ञ. अमरावतीकडची, वयानं माझ्या थोरल्या नातीएवढी. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानं तिला फोनवरून ठरवलं होतं. घरात काय शिजवायचं हे सांगायला बाहेरून माणूस आणायचा, हे मला पटलं नव्हतं आणि मी ते तिला तोंडावर सांगितलं. मी चौथी शिकलेला गवंडी. कर्वेनगरातल्या कितीतरी सोसायट्यांना माझा हात लागलाय. मला कुणी शिकवलेलं चालत नाही.

माझी बायको सुमन अर्धांगानं पडून होती. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटात नळी. पडून पडून कमरेखाली जखम झाली होती आणि काही केल्या भरत नव्हती. जखम हाडापर्यंत गेली तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि मी तिला दर दोन तासांनी वरणाचं पाणी घालत होतो. नळी तुंबू नये म्हणून फडक्यातून गाळलेलं. मधे भाताची पेज, शहाळं. डाळीची ताकद पाण्यात उतरते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. रमानं फडक्यातला गोळा बोटानं दाबून बघितला. याचं काय करता, म्हणून विचारलं. मी म्हटलं, टाकतो, मांजर खाते.

"मांजर धडधाकट असेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, सिमेंट फेकून नुसत्या पाण्यावर भिंत बांधली काय कधी?"

मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

तिनं सुमनचे सगळे रिपोर्ट वाचले, साखर आणि किडनीचं डॉक्टरांशी बोलून घेतलं, मगच हात घातला. मूग मऊ शिजवायचे, मिक्सरमधून दोनदा काढायचे, फडकं नाही, चहाची गाळणी. त्यात चमचाभर तेल. एका वेळी दूध, एका वेळी दही. घालताना उशा लावून बसती करायची, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची. हे तिनं माझ्याकडून करून घेतलं, नुसतं सांगितलं नाही. आणि घालायच्या आधी सुमनच्या कानाशी वाकून म्हणायची, "मावशी, आज मूग आहे. जिऱ्याची फोडणी दिली."

तिला काय कळतंय, असं मी म्हणायचो. मुलगाही एकदा फोनवर म्हणाला, अंडं घाला, लवकर जखम भरेल. सुमन माळकरी होती, अंड्याला कधी शिवली नाही. पण आईला कुठं समजणार आहे, असं त्याचं म्हणणं. रमानं फोन माझ्याकडून घेतला.

"त्यांना समजत नसेल दादा. आपल्याला समजते ना," म्हणाली आणि डाळ-दह्यावरच सगळं बसवून दिलं.

जखम कडेनं गुलाबी झाली, मग आतून वर आली. मी रमाला त्याबद्दल काही बोललो नाही. चहा मात्र ठेवायला लागलो. जाताना ती दर वेळी विचारायची, "तुम्ही काय जेवले काका?" मी म्हणायचो, जेवलो. "जेवले काय असं नाही विचारलं. काय जेवले, असं विचारलं." मी सांगायचो नाही.

जखम भरली. पुढच्या महिन्यात दुसरा झटका आला आणि सुमन गेली. शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायका बाहेर येऊन म्हणाल्या, एवढी पडून होती, पण पाठ कशी स्वच्छ आहे. मी ऐकलं. मला काही वाटलं नाही, रडूही आलं नाही.

तेरावं झाल्यावर रमा आली. कुणी बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, हात धुतले, ओट्याशी गेली. मिक्सरच्या भांड्यात मूग वाटलेले होते, शेजारी चहाची गाळणी.

"हे कोणासाठी करून राहिले?"

मी म्हटलं, हात चालतो म्हणून करतो. वेळ झाली की करतो आणि ओट्याशी उभ्यानं पिऊन टाकतो.

 तिनं तांदूळ धुतले, कुकर लावला, वरण दाट घोटलं. खाली ताट मांडलं, मला बसवलं आणि समोर बसली.

"काका, तुम्हाला नळी नाही," म्हणाली. "चावा."

ताट रिकामं होईपर्यंत ती उठली नाही. नंतर तिला नागपूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. फोन करते. काय जेवले, विचारते. आता मी सांगतो.

मिक्सर माळ्यावर टाकलाय. भात लावतो, वरण दाट करतो, ताट घेऊन खाली बसतो. चव अजून लागत नाही. चावतो.