विहिरीच्या पोटातला फोटो

कवठे महांकाळच्या एसटी स्टँडामागं भाऊसोचं फोटोचं दुकान होतं. मागच्या पडद्यावर निळंशार तळं रंगवलेलं, आणि त्या रंगवलेल्या तळ्याकडंसुद्धा हा गडी पाठ करून बसायचा. मूळचा तो माणदेशातला, मेंढरांमागं वाढलेला. तिकडं पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढं. माणूस बुडेल एवढं पाणी जगात असतं हे त्याला मिसरूड फुटल्यावर कळलं, आणि कळल्यापासून जे भय बसलं ते बसलंच.

अशा माणसाला पाण्याखालचा फोटो काढ म्हणणारा वेडाच म्हणायचा. पण केरबा वेडा नव्हता. तोही भ्यालेलाच होता.

केरबा पलटणीतनं पेन्शनीवर आलेला. त्याची आणि थोरल्या भावाची, जोतीरामाची, विहीर सामाईक. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली असतील. इंजिनाच्या पायपात अडकलेला पाला काढायला केरबानं बुडी मारली आणि पांढराफटक होऊन वर आला. पाण्याखाली बांधकामाचे दगड निसटून आत भलंमोठं भगदाड पडलेलं. आणि बरोबर त्याच अंगाला वर काठावर जोतीरामाचा गोठा!

"दादा, गोठा हालीव. समदं आत जाईल."

"माझा गोठा तुझ्या डोळ्यात खुपतुया," जोतीराम म्हणाला. "पाण्यात तू एकटाच गेलतास. मी कशावर इस्वास ठेवू?"

उपसून बघावं, तर वैशाखात त्या मुलखात विहीर उपसतो म्हणणाऱ्याला बायकांनी जित्ता सोडला नसता. शेवटी जोतीरामच म्हणाला, "फोटो दाव. मग हालवतो."

भाऊसोनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण जोतीराम बाजलं टाकून त्याच गोठ्यात निजतो, हे केरबानं सांगितलं आणि ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

मग शिकवणी सुरू झाली. लहान पोरांना बांधतात तसा पाठीला वाळका भोपळा बांधून हा बाप्या विहिरीत हातपाय झाडायचा, आणि काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं भोपळा सुटला आणि बुडी मारण्यासाठी पोटाशी दगड आला. पाण्यात घालायचा रबरी चष्मा केरबानं दिला.

"श्वास धरायचा. दोरीला हिसका दिलास की मी वर वढतो. भ्यायचं न्हाई."

"भ्यायचं न्हाई म्हणल्यानं भ्या जातंय व्हय रं?"

कॅमेऱ्यासाठी भाऊसोनं सागवानी पेटी केली. पुढं काच, सांध्यांना सायकलची ट्यूब आणि डांबर, बटण दाबायला सायकलच्या ब्रेकची तार. जवळचं नीट यावं म्हणून भिंगापुढं चष्म्याची काच चिकटवली. पेटी झकास झाली, पण करणाराच तिच्याकडं पाठ करून बसायचा.

ऊन विहिरीत सरळ उतरतं ते भर दुपारी. त्या वेळी भाऊसो पायऱ्यांवर उभा राहिला आणि त्याची आई बनाबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन आली. बिरोबाचा भंडारा उधळल्याशिवाय त्या घरचं कुठलं काम सुरू व्हायचं नाही. पोरगं तर पाण्यात ओढून नेणाऱ्या आसरांच्या ठिकाणी उतरणार! तिनं उधळला, बघायला आलेल्यांनी उधळला, आणि भाऊसोनं उरलेली पिशवी दोन्ही हातांनी पाण्यातच पालथी केली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून उतरला.

खाली सगळं पिवळं. काच पिवळी, पाणी पिवळं, स्वतःचा हातही दिसेना. तेवढ्यात पोटरीला काहीतरी बुळबुळीत चाटून गेलं. शेवाळ असेल, पण त्या क्षणी ते शेवाळ नव्हतं. हिसका द्यायचं विसरून तो पाण्यातच ओरडला. वर बुडबुडे दिसले म्हणून केरबानं ओढून काढला.

"आरं गड्या," केरबा कपाळाला हात लावून म्हणाला, "पाण्यात भंडारा कालीवल्यावर फोटो यायचा कसा?"

तरी पायरीवर ओकत बसलेला भाऊसो मनात म्हणत होता, बरं झालं, आता सुटलो. तो सुटला नाही. पाणी निवळल्यावर पुन्हा उतरायचं ठरलं, आणि या खेपेला भंडाऱ्याशिवाय. देव संगं असताना ही गत, तर एकट्यानं काय होणार? पाणी निवळलं त्या दुपारी तो काठावरच फतकल मारून बसला.

बनाबाईनं पोराकडं बघितलं. कनवटीची पुडी सोडून चिमूटभर भंडारा त्याच्या जिभेवर ठेवला. "मीट तोंड. देव आत हाय. वरडलास तर भाईर जाईल."

तेवढ्यात वरनं जोतीराम म्हणाला, "भगदाड केवढं हाय ते कसं कळायचं? कोपरापतुर हात घालून काढा!"

भाऊसो तोंड मिटून गेला. पाणी हिरवट, निवळ. कानात ठोके. दगडांची ओळ लागली आणि एके ठिकाणी ती ओळच नव्हती, नुसता काळोख होता. त्यानं पेटी कपारीत टेकवली, डोळे गच्च मिटले आणि डावा हात त्या काळोखात घातला. तळ लागेना. आतनं खडे घरंगळून मनगटावर पडले. ओरडावंसं वाटलं, जीभ टाळूला चिकटली होती. उजेड कमी म्हणून तार थोडा वेळ दाबून धरायची होती. त्यानं धरली, आणि मग हिसका दिला.

दुसऱ्या दिवशी जोतीरामानं फोटो उजेडात धरला. दगड स्वच्छ आलेले. भगदाडही. कोपरापर्यंत हात आत गेलेला, आणि बाहेर राहिलेला दंड मात्र धुरासारखा पुसट.

"हात आसा का आलाय?"

"कापत हुता," भाऊसो म्हणाला.

जोतीरामानं त्या पुसट दंडावरनं अंगठा फिरवला. मग गोठ्यात गेला. बैल सोडून लांब लिंबाखाली बांधले. परत येऊन बाजल्याशी उभा राहिला.

"केरबा," तो म्हणाला, "धर रं त्या अंगानं."