हळद लागलेलं लायनर

आता गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क असते आणि तिला दोन्हीकडून चिमटणारे पॅड. गॅरेजवाला दोन खोकी पुढे धरतो आणि विचारतो, "यातले कुठले टाकू?" मी म्हणतो, तुम्हाला योग्य वाटतील ते टाका. ब्रेकच्या बाबतीत मी स्वतः काही ठरवत नाही. त्याचं कारण आजवर मी एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि तेही उशिरा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. उंब्रजजवळच्या आमच्या गावातून मी रोज इस्लामपूरला कचेरीत जायचो. गाडी थोरल्या भावाची. दादा फौजेत. एका सुट्टीत त्यानं ही जुनी गाडी घेतली आणि माझ्या हवाली केली. रोजची ये-जा, वर कधी मागच्या सीटवर खताची पोती. दोन वर्षांत ब्रेक किंचाळू लागले.

उंब्रजला हमरस्त्याकडेला एका मिस्तरींची पत्र्याची शेड होती. पन्नाशी ओलांडलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी चाक काढलं. तेव्हाच्या आमच्या गाडीला डिस्क नव्हती. चाकाच्या आत लोखंडी ड्रम, ड्रमच्या पोटात दोन कमानदार शू आणि शूवर रिवेट ठोकून बसवलेलं लायनर. पायानं दाबलं की लायनर आतून ड्रमला घासायचं आणि चाक धरायचं.

"नख फिरवा हितं," मिस्तरी म्हणाले.

ड्रमच्या आत मी नख फिरवलं. नांगरटीसारखे चर पडले होते.

"ह्यो ड्रम एकदा लेथवर घासून झालाय. आता त्याच्या अंगात मांस न्हाई. नवं लायनर आन् असला ड्रम, म्हंजे नवी वहाण आन् आत जुना काटा."

"मग दोन्ही बदलू. लायनर टिकाऊ सांगा."

"टिकाऊ कशाला? रोज कुठनं कुठं जाता? वझं किती? उतार किती?" मी सांगितलं. "मग मऊ घ्या. कडक लायनर लय दिस जातंय, पर गार आसंल तवा धरत न्हाई, आन् ड्रम खातंय. मऊ लवकर झिजतंय, पर हाकंला ओ देतंय." मग त्यांनी बोट वर केलं. "आन् एक ध्यानात ठेवा. लायनरला तेलाचं बोट सुदिक लावू नगा. लायनर तेल पितंय. एकदा प्यालं की मग त्ये बैलाला झूल घालायच्या कामाचं."

मी हसलो. पुढच्या आठवड्यात सांगलीला जाऊन, त्यांनी सांगितलं तसेच मऊ लायनर ठोकलेले शू आणि नवे ड्रम घेऊन आलो. घरी पोचलो तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मिस्तरींची शेड बंद, कारण त्यांचीही हत्यारं पूजेला बसलेली.

आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असं सगळं लोखंड देवापुढे मांडतात. आधी गोड्या तेलाचं बोट, मग हळदकुंकू, मग झेंडू. दादा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "गाडीचं नवं सामान बी मांड रं. रोज तुझा जीव त्याच्यावरच हाय." आईनं तेलाची वाटी माझ्या हाती दिली.

मिस्तरींचं बोलणं मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण दादा समोर, आई समोर. सगळ्या लोखंडाला तेल लावायचं आणि नेमकं नव्यालाच कोरडं ठेवायचं, हे माझ्यानं बोलवलं नाही. मी शूंना तेल लावलं. लायनरवरून बोट फिरवलं. हळदीचे पट्टे ओढले.

दसरा उरकल्यावर सकाळी परसात बसून लायनर रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढले. दुपारपर्यंत उन्हात ठेवले. दिसायला कोरे झाले.

बसवताना मिस्तरींनी विचारलं, "तेल-बिल न्हाई न्हवं लागलं?"

"छे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शब्दावर शू बसवले.

आठ दिवस गाडी छान थांबत होती. मग दादाची सुट्टी संपली. त्याला कराडला रेल्वेवर सोडायला निघालो. नदीच्या पुलाकडे रस्ता उतरतो, तिथे पुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दोनतीनदा ब्रेक दाबत आलो, तोवर ठीक होतं. चौथ्यांदा दाबला. पाय घट्ट अडला, पण गाडी अडली नाही. पॅडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र तशीच घसरत चालली होती. "अरं, दाब की!" दादा ओरडला. मी दोन्ही पायांनी उभाच राहिलो होतो. शेवटच्या उसाच्या गाडीवरचा म्हातारा मागे वळून बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं, हे मला अजून दिसतं. मी गाडी डावीकडे फिरवली. रस्त्याकडेच्या चारीत जाऊन ती बाभळीवर आदळली.

मला खरचटलंही नाही. दादानं उजवा हात पुढे टेकला होता. त्याची दोन बोटं मोडली. फौजी माणसाचा उजवा हात. त्यानं तो डाव्या हातात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल. त्या मिस्तरीकडं चल."

बोटं बांधून घेतली आणि गाडी बैल जुंपून शेडीत ओढत नेली. मागे निम्मं उंब्रज. मिस्तरींनी ड्रम काढला आणि जळक्या भज्यांच्या कढईसारखा वास सुटला. तापून वर आलेल्या तेलानं लायनर आरशासारखं चकाकत होतं. मिस्तरी वाकले. एका रिवेटच्या खोबणीत त्यांनी नख घातलं आणि बाहेर काढलं.

नखाच्या टोकाला हळद होती.

दादा पाठीमागून ओरडत होता, "फुकट काम करून घेतलं का तुमच्याकडनं? माणसं मारताय व्हय?" मिस्तरींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नख धोतराला पुसलं.

"माजी चूक हाय," ते दादाला म्हणाले. "माल बगून बसवायला पायजे हुता. बसवणारा म्या."

मी तोंड उघडलं नाही. ते का बोलले, मला आजही नीट कळत नाही. बहुधा त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्याच दिवशी त्यांनी दुसरे लायनर आणवून आमच्या गाडीचे ब्रेक पुन्हा बांधून दिले.

दादानं जाण्याआधी सगळ्या गावाला सांगितलं. फौजी माणसाचा शब्द, आणि पुरावा म्हणून गळ्यात अडकवलेला हात. महिन्याभरात जीपवाले, ट्रकवाले दुसरीकडे जाऊ लागले. एकदा मी शेडीवर गेलो. मिस्तरी एकटेच नट-बोल्टचे पाने पुसत बसले होते.

"मिस्तरी, त्या दिवशी..."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मला सांगून काय हुतंय? दादास्नी सांगा."

मी घरी येऊन पत्र लिहायला बसलो. आईची तब्येत लिहिली, ऊस लिहिला. बाकीचं लिहिलं नाही. तसली पाचसहा पत्रं गेली.

पुढच्या खंडेनवमीला दादा आला. बोटं वाकडीच जुळली होती. आईनं तेलाची वाटी पुढे केली आणि माझ्यानं ती धरवेना. मी पाटावरच दादाला सगळं सांगितलं.

त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला कशाला सांगतूस? त्येला सांगायचं. गाडी काढ."

शेडीत कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, "मिस्तरी? उन्हाळ्यातच गेलं की. गिऱ्हाईकच ऱ्हायलं न्हाई. कुठं गेलं, कुणास ठावं."

दादा तिथं उभाच राहिला, पागोट्याविना आलेल्या पाहुण्यासारखा. परत येताना गाडी त्यानं चालवली, वाकड्या बोटांनी. पुलाच्या उतारावर समोर एक म्हैस आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. मिस्तरींनी बांधलेले ब्रेक होते ते.