सनाच्या इकाम्याची तारीख

आपा,

सना बुडापेस्टला निघाली तेव्हा जेद्दाच्या विमानतळावर मी रडले नाही, असं तुला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं ना? साफ खोटं. पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि हमसून हमसून रडले. पोरीला गणित शिकायला स्कॉलरशिप मिळाली होती, खरं तर पेढे वाटायचे. दुसऱ्यांचे बाप अशा वेळी "जपून राहा" म्हणतात. आमच्या ह्यांनी तिला शेवटपर्यंत एकच बजावलं, "री-एन्ट्रीची तारीख विसरू नको हां." कारण आम्ही मायलेकी ह्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. बाहेर गेलेलं माणूस मुदतीत परतलं नाही की त्याचं नाव कटलं, खलास.

मी रत्नागिरी सोडली तेव्हा तर मला कुणी तारीखही सांगितली नाही. बी.एस्सी.चा निकाल लागला, एम.एस्सी.चा फॉर्म भरलेला, आणि निकाह ठरला. माझी गणिताची पुस्तकं तूच शेजारच्या पोरीला देऊन टाकलीस. वर थोरल्या बहिणीच्या थाटात म्हणालीस, "तिकडे काय भिंतीला गणितं शिकवणार आहेस?" तेव्हा मी हसले होते. मग जेद्दाच्या अझीझियातल्या ह्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं लोकांच्या पोरांची ट्यूशन घेतली. हे राबिघला रिफायनरीत, गुरुवारी संध्याकाळी येणार, शनिवारी परत. वेळ जायला काहीतरी हवंच होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी सनाकडे गेले ती तिला भेटायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं काम वेगळं होतं. ह्यांच्या ऑफिसातून निरोप आला होता की तिच्या री-एन्ट्रीला आता मुदतवाढ नाही. महिनाअखेर आली नाही तर इकामा जाणार. आणि तिच्या परीक्षा मेअखेर. फोनवर ती ऐकणार नाही, म्हणून मला धाडलं.

ती मला सकाळी वर्गातच घेऊन गेली. सर म्हातारे, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. तिकडे आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाहुणी आलीय म्हणून असेल, त्यांनी फळ्यावर एक सोपंसं कोडं घातलं: खोलीत कितीही माणसं असोत, त्यातल्या दोघांच्या तरी खोलीतल्या ओळखीच्यांची संख्या सारखी निघते. का? त्यांच्या वर्गाची रीत अशी की उत्तर सापडलं तर मोठ्याने बोलायचं नाही. उठायचं, सरांच्या कानात सांगायचं आणि गुपचूप जागेवर यायचं, म्हणजे दुसऱ्याची मजा जात नाही. बघ, किती सभ्य लोक!

आणि मी उठले, आपा. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये त्यांना म्हटलं, सगळ्यांना ओळखणारा आणि कुणालाच न ओळखणारा, हे दोघे एका खोलीत असूच शकत नाहीत; म्हणून माणसांपेक्षा आकडे एकाने कमी पडतात आणि कुणा दोघांना एकच आकडा येतो. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. "तुम्हीच समजावा." सना लाजेने लाल होईल असं वाटलं होतं. ती बाकावर टाळ्या वाजवत होती, वेडी.

दुपारी तिने मला बाजारात लांगोश खाऊ घातला. पुरीचा थोरला भाऊच तो, वर लसूण आणि आंबट साय. तेलात तळलंय की चरबीत, हे तिने हंगेरियनमध्ये तीनदा विचारून घेतलं. मग गरम पाण्याची कुंडं दाखवायला नेलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यांसारखीच, जमिनीतून गरम पाणी येणारी, पण तिथे म्हातारे गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळत होते! एकाने सनाला हात केला. पोरगी तिथे रुजली होती गं. मला दिसत होतं. डोळे फुटले नव्हते माझे.

तरी नदीकाठच्या बाकावर बसल्यावर मी विषय काढलाच.

"अम्मी, जस्ट वन मोअर इयर," ती म्हणाली. "इकामा गेला तर जाऊ दे ना. आय विल कम ऑन अ व्हिजिट व्हिसा."

"म्हणजे स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून येणार?" मी म्हटलं. "इकामा गेला की घर गेलं. मग आम्हाला विचारू नकोस."

हे शेवटचं वाक्य माझं, ह्यांचं नव्हे. सकाळी हातात खडू धरलेली बाई संध्याकाळी हे बोलली. सना नदीकडे बघत म्हणाली, "ओके." आठवड्यात आम्ही परत आलो. परीक्षा बुडाली, तिची जागा गेली. आता ती माझ्याच टेबलाशी बसून माझ्याच ट्यूशनची निम्मी पोरं घेते.

आणि गेल्या महिन्यात ह्यांच्या हातात खुरूजचा, फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा कागद पडला. नोकरी संपली. कागदावर तिघांची नावं. ज्या इकाम्यासाठी पोरीला ओढून आणली, तो वर्षभरसुद्धा टिकला नाही. सध्या खोके भरतेय. लोक विचारतात, आता घरी चाललात, खूश असाल? कुठल्या घरी गं? बावीस वर्षं मी एका कार्डाला घर समजले. सनाने कुठेही राहावं आणि तिला माझ्याकडे केव्हाही येता यावं, एवढंच घर होतं. त्याला कुठल्या शिक्क्याची गरज होती?

काल भांडी गुंडाळताना मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. इकामा गेला असता तर गेला असता. मी तुला सोडून कुठे जाणार होते?"

तिने हातातली बशी खोक्यात ठेवली. इंग्लिश मिसळल्याशिवाय माझ्याशी कधी मराठी न बोलणारी पोर, हळूच म्हणाली, "हे तेव्हा सांगायचं होतंस ना, अम्मी."