विसणाचा तांब्या

नातीला न्हाऊ घालताना बायको म्हणाली, "अहो, विसणाचा तांब्या द्या की!" मी गार पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा. कालच कॉलेजात भौतिकशास्त्राच्या तासाला मुलांना बजावलं होतं, ऊर्जेचा खर्च रुपयांत मोजू नका. उष्णतेची काम करायची ताकद किती वाया गेली, ते मोजा. कढत पाण्यात गार पाणी ओतणं ही तर निव्वळ उधळपट्टी, कारण गेलेली ताकद परत येत नाही.

"पोर गारठतेय इकडे!"

मी कढत पाण्यात विसण ओतलं. बायकोनं कोपर बुडवून पाहिलं, मान डोलावली आणि पहिला तांब्या नातीच्या पाठीवर सोडला. नात खुदकन हसली.

माझ्या हिशेबानं ते पाणी नुकतंच वाया गेलं होतं. मग कामाचं नेमकं आत्ताच कसं झालं?