व्याजामुळे वाचणारा कर

चेन्नईत, पेरुंगुडीला मी एकटी राहत होते. ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकं तमिळ. मराठी फक्त आईच्या फोनपुरतं. कंपन्यांची किंमत काढणं हे माझं काम.

एकदा अंबत्तूरला रबरी वॉशर बनवणारा छोटा कारखाना पाहायला गेले. एक मोठी कंपनी तो विकत घेणार होती, आणि आम्ही तिचे सल्लागार. मालक सत्तरीचे, तंजावरकडच्या मराठी घरातले. माझं आडनाव ऐकलं तसे ते मराठीतच बोलू लागले. जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी. मला भरून आलं. मी उगाच कागद चाळत राहिले.

त्यांच्यावर रुपयाचंही कर्ज नव्हतं. मी म्हटलं, "काका, कर्जाचं व्याज नफ्यातून आधी वजा होतं, उरलेल्यावरच कर लागतो. जो कर वाचतो, त्यानं कंपनीची किंमत वाढते."

"म्हणजे कर्ज नाही म्हणून माझी कंपनी स्वस्त?"

"आहे तशी ठेवली तर, हो. नवे मालक कर्ज काढतील."

"आणि नफाच झाला नाही तर? कर कसला वाचणार? व्याज तर द्यावंच लागेल."

मी प्रश्न वहीत टिपून घेतला आणि विकत घेणाऱ्यांसाठीच्या अहवालात यावर पानभर लिहिलं. साहेबांनी त्याची एक ओळ केली. मी वाद घातला नाही.

काकू गेलेल्या, मुलगी परदेशात. त्यांनी कारखाना विकला. पुढे ते मला अधूनमधून रविवारी जेवायला बोलवायचे. चेन्नईत मी कुणाच्या घरी जात असेन तर तिथेच.

नव्या मालकांनी भरपूर कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सुटलं. नफा नाही, म्हणून कर नाही. वाचवायला काही उरलंच नाही. व्याज मात्र चालूच. निम्मे कामगार घरी बसले.

काकांचा फोन आला. "तुला ठाऊक होतं?"

"असं होऊ शकतं, हे ठाऊक होतं. लिहिलंही होतं."

"मी तेव्हाच विचारलं होतं. मला का नाही सांगितलंस?"

आम्ही विकत घेणाऱ्यांचे सल्लागार होतो, हे उत्तर खरं होतं. मी त्याऐवजी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. त्यांनी फोन ठेवला.

नंतरचे कित्येक रविवार बोलावणं आलं नाही. शेवटी न विचारताच गेले. त्यांनी दार उघडलं, ताक दिलं, पंख्याचं बटण दाबलं. कारखान्याचा विषय निघाला नाही. दुसराही कुठला फारसा निघाला नाही.