जावईबापूंची चतुर्थी

जावई गवतावर कोसळला, डोळे पांढरे झाले, आणि समोरून त्या बसक्या, शेपटीवाल्या शर्यतीच्या गाड्या किंचाळत जातच राहिल्या. जर्मनीतली सहा तासांची शर्यत. निघाल्या तिथेच परत यायचं, त्यासाठी एवढा धूर! लोकांनी कानांत बोळे कोंबलेले, त्यामुळे मुलीच्या हाका कोणाला ऐकूच जाईनात. "आई, सकाळी इन्सुलिन घेतलं, पण खाल्लं काहीच नाही. तुला बरं वाटावं म्हणून संकष्टी धरली ह्याने. मला आत्ता पडता पडता सांगितलं!" "मी कधी धरली गं संकष्टी?" मी ओरडले. सकाळी त्याच्यासमोर बसून मी दोन पाव खाल्ले होते, पण या शिकलेल्या इंजिनिअरचं सगळं लक्ष तिकिटांत. मला तोंडाने विचारायचं सोडून भिंतीवरचं कॅलेंडर बघून उपाशी राहिला. पिशवीतला गूळ मी बोटाने त्याच्या गालात आतून चोळला. "चाटा, जावईबापू, चंद्र उगवला." बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "पुढे कोण आहे?" अजून जळक्या रबराचा वास आला की तो प्रश्न आठवतो आणि डोकं फिरतं. शर्यत कोण जिंकलं, मी विचारलं नाही. जावई वाचला.